यष्टीमागची अठरा वर्षे : पार्थिव पटेल

क्रिकेटच्या संघात अकरा जण खेळतात. त्यांत यष्टिरक्षकाची जागा मात्र एकच असते. फलंदाज सहा-सात असतात, गोलंदाज चार-पाच असतात. एखाद्या फलंदाजाचा सूर हरपला तर तो दुसऱ्या क्रमांकावर खेळून पाहतो, गोलंदाजाला एखादे वेळी जोडीदार सांभाळून घेतो. यष्टिरक्षकाला ही सोय नाही. पेढीवरच्या मुख्य गादीसारखी त्याची जागा असते. तिच्यावर दुसरा कोणी बसला की पहिल्याने उठावेच लागते. आणि बसलेला माणूस दहा वर्षे उठला नाही, तर वाट पाहणाऱ्याचे ऐन उमेदीचे दिवस ओसरीवरच सरतात.

अहमदाबादच्या पार्थिव पटेल या यष्टिरक्षक-फलंदाजाच्या वाट्याला नेमके हेच आले. २००२ साली सतराव्या वर्षी तो भारताकडून कसोटी सामना खेळला आणि डिसेंबर २०२० मध्ये पस्तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. या अठरा वर्षांत त्याला कसोटी सामने मिळाले अवघे पंचवीस. एवढ्यावरूनच हिशोब मांडला तर ‘लवकर उगवला आणि लवकर मावळला’ असा शेरा मारून खाते बंद करता येईल. अनेकांनी तो मारलाही. परंतु मी आयुष्यभर बँकेत ताळेबंद तपासले आहेत. नफातोट्याचा आकडा पाहून फाईल मिटणारा अधिकारी पेढीची खरी ताकद ओळखू शकत नाही, हे त्या नोकरीने मला शिकवले. पार्थिवच्या कारकिर्दीचा ताळेबंद म्हणूनच थोडा सविस्तर वाचण्यासारखा आहे.

सतरा वर्षे आणि १५२ दिवस

पार्थिवचा जन्म ९ मार्च १९८५ रोजी अहमदाबादला झाला. तो सहा वर्षांचा असताना दारात बोट सापडून त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीचा भाग तुटला. यष्टिरक्षकाचे सारे भांडवल म्हणजे त्याचे दोन पंजे. दिवसाला नव्वद षटके टाकली जातात, म्हणजे पाचशे चाळीस चेंडू. त्या प्रत्येक चेंडूला तो खाली बसतो, उठतो आणि चेंडू आपल्याकडेच येणार असे समजून हात पुढे करतो. अशा कामात करंगळी अपुरी असणे ही मोठीच अडचण. हातमोज्याचे शेवटचे बोट रिकामे राही आणि मोजा हातात नीट बसत नसे. पार्थिव चिकटपट्टीने ते जखडून घेई आणि मैदानात उतरे. त्याच्या उण्या बोटाची चर्चा त्याने स्वतः कधी फारशी होऊ दिली नाही.

२००२ च्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. अजय रात्रा हा त्या वेळचा यष्टिरक्षक दुखापतग्रस्त झाला आणि नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिज मैदानावर ८ ऑगस्ट रोजी सुरू झालेल्या कसोटीत पार्थिवला उतरवण्यात आले. त्या दिवशी त्याचे वय होते १७ वर्षे १५२ दिवस. कसोटी क्रिकेटमध्ये इतक्या लहान वयाचा यष्टिरक्षक तोवर कोणत्याही देशाने खेळवला नव्हता. पाकिस्तानच्या हनीफ महंमद यांच्या नावावर १९५२ पासून असलेला विक्रम त्याने मोडला. पहिल्या डावात तो शून्यावर बाद झाला. दुसऱ्या डावात मात्र, शेवटच्या दिवशी सामना हातचा जाण्याची भीती असताना, हा मिसरूड न फुटलेला मुलगा तासाहून अधिक काळ खेळपट्टीवर टिकला, १९ धावांवर नाबाद राहिला आणि भारताने तो सामना अनिर्णित राखला. टीव्हीवर तो प्रसंग पाहणाऱ्या लाखो घरांत त्याचे नाव त्या एका तासात पोहोचले.

पुढची दोन वर्षे त्याची होती. २००३ च्या विश्वचषक संघात त्याची निवड झाली. मात्र यष्टीमागे राहुल द्रविड उभा राहिल्याने त्याला एकही सामना मिळाला नाही. जानेवारी २००४ मध्ये सिडनी येथे, स्टीव्ह वॉच्या अखेरच्या कसोटीत, त्याने आक्रमक ६२ धावा केल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रावळपिंडीला, भारताने पाकिस्तानात कसोटी मालिका जिंकली त्या सामन्यात, त्याने सलामीला येऊन ६९ धावांची खेळी केली. द्रविडच्या २७० धावांच्या झळाळीत ती खेळी झाकली गेली, एवढेच.

जागा दुसऱ्याकडे गेली

परंतु यष्टिरक्षकाचे मूल्यमापन धावांनी सुरू होत असले तरी हातमोज्यांपाशी येऊन थांबते. सिडनीच्या त्याच सामन्यात अनिल कुंबळेने बारा बळी घेतले, आणि शेवटच्या दिवशी यष्टीमागे काही मोलाच्या संधी निसटल्या. सामना अनिर्णित राहिला, मालिका बरोबरीत सुटली. कुंबळे आणि हरभजनसिंग यांचे उसळते, वळते चेंडू यष्टीला खेटून टिपणे हे भल्याभल्यांना अवघड जाई. अठरा वर्षांच्या मुलाला ते गेले यात नवल नव्हते. पण चूक ती चूकच. फलंदाजाची चूक त्याला स्वतःला बाद करते. यष्टिरक्षकाची चूक समोरच्या फलंदाजाला जीवदान देते आणि पुढची प्रत्येक धाव त्याच्या नावे मांडली जाते. २००४ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मायदेशातील मालिकेत पार्थिवला वगळण्यात आले. मुंबईच्या कसोटीत दिनेश कार्तिक आला. डिसेंबर २००५ मध्ये चेन्नईला महेंद्रसिंग धोनीने कसोटी पदार्पण केले आणि ती जागा पुढची नऊ वर्षे त्याचीच झाली.

येथे काळाचाही विचार केला पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या ॲडम गिलख्रिस्टने सतरा कसोटी शतके ठोकून यष्टिरक्षकाच्या नोकरीच्या अटीच बदलून टाकल्या होत्या. पूर्वी यष्टिरक्षकाने झेल नीट घ्यावेत आणि जमल्यास वीस-तीस धावा कराव्यात, एवढीच अपेक्षा असे. गिलख्रिस्टनंतर प्रत्येक देश यष्टीमागे एक पूर्ण फलंदाज शोधू लागला. धोनी त्या नव्या मोजमापात चपखल बसला. शिवाय तो कर्णधार झाला. कर्णधारच यष्टिरक्षक असताना दुसऱ्या यष्टिरक्षकाने कोणाकडे दाद मागावी? २००८ साली कोलंबोला पार्थिवला एक कसोटी मिळाली. त्यानंतर पुन्हा दार बंद.

अगोदर कळस, मग पाया

पार्थिवच्या कारकिर्दीतली सर्वांत विलक्षण गोष्ट वाचकांच्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते. साधारणतः खेळाडू आधी आपल्या राज्याकडून रणजी करंडकात खेळतो, तेथे चार-पाच हंगाम घाम गाळतो आणि मग देशाच्या संघात जातो. पार्थिवचा क्रम उलटा झाला. त्याने कसोटी पदार्पण केले तेव्हा तो रणजीचा एकही सामना खेळलेला नव्हता. गुजरातकडून त्याचे रणजी पदार्पण झाले नोव्हेंबर २००४ मध्ये, म्हणजे कसोटी पदार्पणानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने आणि भारतीय संघातील जागा गमावल्यावर.

व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर त्याच्या पेढीला पत आधी मिळाली आणि भांडवल नंतर उभे करावे लागले. अशा पेढ्या बहुधा बुडतात. पहिल्या मोठ्या वायद्यालाच त्यांचा तोल जातो. मग मालक जुन्या वैभवाच्या गोष्टी सांगत बसतो. विसाव्या वर्षी ज्याचे नाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून शेवटच्या पानावर आणि तेथून पूर्ण बाहेर गेले, त्या मुलाने तेच केले असते तर कोणी दोष दिला नसता. पार्थिवने गुजरातच्या मैदानांवर भांडवल जमवायला सुरुवात केली. सुरत, वलसाड, अहमदाबाद. समोर रिकाम्या खुर्च्या, दूरदर्शनचा कॅमेरा नाही, आणि यष्टीमागे रोजचे पाचशे चाळीस चेंडू. ही नोकरी त्याने पुढे सोळा वर्षे केली.

गुजरातचा संघ तेव्हा देशातल्या बलाढ्य संघांत मोडत नव्हता. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात तो पूर्वी एकदाच पोहोचला होता, १९५०-५१ साली, आणि इंदूरला होळकर संघाकडून हरला होता. शेजारच्या बडोद्याने करंडक अनेकदा नेला, मुंबईने तर तो घरचाच मानला. गुजरातची पाटी कोरी राहिली. पार्थिवने या संघाची कर्णधारपदाची धुरा सांभाळली. त्याच्या हाताखाली जसप्रीत बुमराह आणि अक्षर पटेल यांच्यासारखे तरुण गोलंदाज घडत गेले. डिसेंबर २०१५ मध्ये बंगळुरूला विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने १०५ धावा केल्या आणि एकदिवसीय स्पर्धेचे ते अजिंक्यपद गुजरातला मिळवून दिले.

आठ वर्षांनंतरचे बोलावणे

धोनीने २०१४ च्या अखेरीस कसोटीतून निवृत्ती घेतली, तेव्हा ती जागा बंगालच्या वृद्धिमान साहाकडे गेली. तोही वर्षानुवर्षे ओसरीवर थांबलेला. त्याचा हक्क कोणी नाकारला नसता. नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत साहा जायबंदी झाला आणि मोहालीच्या कसोटीसाठी पार्थिवला बोलावणे आले. मधे आठ वर्षे गेली होती. सतराव्या वर्षी आलेला मुलगा आता एकतीस वर्षांचा गृहस्थ होता.

मोहालीत त्याने पहिल्या डावात ४२ धावा केल्या. दुसऱ्या डावात त्याला सलामीला पाठवले गेले. ६७ धावांवर नाबाद राहून त्यानेच विजयाची वेस गाठून दिली. त्यानंतर चेन्नईला, जेथे करुण नायरने त्रिशतक केले, तेथे के. एल. राहुलबरोबर त्याने १५२ धावांची सलामी दिली. त्याच्या ७१ धावा ही त्याची कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या ठरली. जे काम तो गुजरातसाठी वर्षानुवर्षे रिकाम्या मैदानांवर करीत आला होता, तेच त्याने भरल्या मैदानात करून दाखवले. आठ वर्षांनी अचानक हाक आली असता माणूस तयार सापडतो, याचा अर्थ मधली आठही वर्षे तो तयारच होता.

इंदूर, जानेवारी २०१७

खरा कस लागला तो त्यानंतरच्या महिन्यात. रणजी हंगामात गुजरातच्या फलंदाजांनी धावांच्या राशी घातल्या होत्या. प्रियांक पांचाळने हंगामात १,३१० धावा केल्या. जयपूरच्या उपांत्यपूर्व सामन्यात ओडिशाविरुद्ध समित गोहेल सलामीला येऊन ३५९ धावांवर नाबाद राहिला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये सलामीपासून अखेरपर्यंत नाबाद राहणाऱ्या फलंदाजाची ती विश्वविक्रमी खेळी. नागपूरच्या उपांत्य सामन्यात बुमराहने २९ धावांत सहा बळी घेऊन झारखंडला गारद केले. आणि अंतिम सामना ठरला इंदूरला, जेथे सहासष्ट वर्षांपूर्वी गुजरात हरला होता.

समोर होती एक्केचाळीस वेळा करंडक जिंकलेली मुंबई. योगायोग असा की मुंबईचा कर्णधार आदित्य तरे हाही यष्टिरक्षक, आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हेही जुने यष्टिरक्षक. यष्टीमागून खेळ वाचणाऱ्या तीन माणसांचा तो सामना होता असे म्हटले तरी चालेल. मुंबई २२८ वर आटोपली. पार्थिवच्या ९० धावांच्या आधारे गुजरातने ३२८ केल्या. मुंबईने दुसऱ्या डावात ४११ धावा उभारल्या आणि गुजरातपुढे ३१२ धावांचे लक्ष्य आले. रणजीच्या अंतिम सामन्यात एवढ्या धावांचा पाठलाग त्याआधी कोणी यशस्वी केला नव्हता.

शेवटच्या दिवशी ३ बाद ८९ अशी अवस्था झाली. हंगामभर धावा करणारे पांचाळ आणि गोहेल दोघेही तंबूत परतले होते. अशा वेळी पार्थिवने मनप्रीत जुनेजाबरोबर ११६ धावांची भागी केली. त्याने घाई केली नाही आणि धावफलकही थांबू दिला नाही. वाईट चेंडूला चौकार आणि चांगल्याला मान, असा जुन्या पेढीवाल्याचा व्यवहार. विजय दृष्टीच्या टप्प्यात आला तेव्हा तो १४३ धावांवर बाद झाला. गुजरातने पाच गडी राखून सामना जिंकला. तारीख होती १४ जानेवारी, उत्तरायणाचा दिवस. गुजरातमध्ये घरोघरी गच्चीवर पतंग चढलेले असताना राज्याला पहिला रणजी करंडक मिळाला.

मुंबईकर वाचकांना हा पराभव लागला असेल. मलाही वाईट वाटले. पण वाईट वाटता वाटता समोरच्याच्या खेळीला दाद द्यावीशी वाटणे, हा या खेळाचा मोठेपणा आहे.

जागा परत गेली

याच महिन्यात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर इराणी करंडकाचा सामना झाला. एका बाजूला गुजरातचा कर्णधार पार्थिव, दुसऱ्या बाजूला शेष भारताकडून खेळणारा, दुखापतीतून सावरलेला साहा. दोघांत भारताचा यष्टिरक्षक कोण, याचा निवाडाच जणू तेथे व्हायचा होता. साहाने चौथ्या डावात २०३ धावांवर नाबाद राहून शेष भारताला जिंकून दिले. पुढच्या महिन्यात बांगलादेशविरुद्धच्या कसोटीत तो भारतीय संघात परतला आणि तेथेही त्याने शतक केले. साहाने आपली जागा मागून घेतली नाही, कमावून घेतली, हे मान्यच करावे लागते. पार्थिवच्या गोष्टीत कोणी खलनायक नाही. दोन लायक माणसे आणि जागा एक, एवढेच तिचे दुःख आहे.

२०१८ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत साहा पुन्हा जायबंदी झाला, तेव्हा पार्थिवला सेंच्युरियन आणि जोहान्सबर्ग येथील दोन कसोटी मिळाल्या. त्याच त्याच्या अखेरच्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ऋषभ पंतने कसोटी पदार्पण केले तेही ट्रेंट ब्रिजवर, जेथे सोळा वर्षांपूर्वी पार्थिवने केले होते. ९ डिसेंबर २०२० रोजी पार्थिवने सर्व प्रकारच्या क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली.

दोन रकाने

आता ताळेबंद मांडू. भारताच्या रकान्यात : २५ कसोटी, ९३४ धावा, सहा अर्धशतके, ६२ झेल, दहा यष्टिचीत; ३८ एकदिवसीय सामने; कसोटी शतक एकही नाही. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या एकूण रकान्यात : १९४ सामने, ११,२४० धावा, सत्तावीस शतके. आणि ज्यांची नोंद फलंदाजीच्या तक्त्यात होत नाही असे दोन करंडक. पहिल्या रकान्याने त्याला प्रसिद्धी दिली. दुसऱ्या रकान्याने एका राज्याच्या संघाला उभे केले.

हे एकट्या पार्थिवच्या बाबतीतच घडले असे नाही. मुंबईचे चंद्रकांत पंडित यांनाही भारताकडून फक्त पाच कसोटी मिळाल्या. इंदूरच्या त्या पराभवानंतर त्यांचे मुंबईचे प्रशिक्षकपदही गेले. ते विदर्भाकडे गेले आणि लागोपाठ दोन वर्षे, २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये, विदर्भाने रणजी करंडक जिंकला. पुढे २०२१-२२ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून तो मिळवला. यष्टीमागे उभा राहणारा माणूस मैदानाकडे तोंड करून सगळा डाव पाहत असतो. स्वतःची जागा गेली तरी ती नजर जात नाही.

आपल्या व्यापारी कुटुंबांना ही गोष्ट परकी वाटू नये. एका पेढीवर तीन भाऊ असतात आणि गादी एक असते. एखादा मुलगा कोवळ्या वयात चमकतो, नातलगांत त्याचे कौतुक होते. मग चुलतभाऊ अधिक कर्तबगार निघतो आणि व्यवहार त्याच्याकडे जातो. अशा वेळी मागे राहिलेल्या मुलाशी घरातली वडीलधारी माणसे काय बोलतात, यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘तुझी वेळ येईल’ हे आश्वासन खोटे ठरू शकते. साहा, धोनी, पंत यांच्यासारखे लायक लोक जगात असतातच. ‘तुझे संपले’ हे तर त्याहून खोटे. त्याला तालुक्याच्या गावचे छोटे दुकान द्यावे, ते पूर्णपणे त्याच्या हवाली करावे आणि त्या दुकानाचा हिशोब मुख्य पेढीच्या हिशोबाइतक्याच आदराने ऐकावा. गुजरातने पार्थिवला ते दुकान दिले. त्याने त्याची पेढी करून दाखवली.

आणि आई-वडिलांनी लक्षात ठेवावे असे आणखी एक. सतराव्या वर्षी मिळालेले यश हे मुलाचे भांडवल नसते, ती त्याला मिळालेली उचल असते. ती पुढच्या वर्षांत कष्टाने फेडावी लागते. पार्थिवने ती सोळा वर्षे फेडली, आणि तीही व्याजासह.